पेवातली कडू फुलं

पन्हाळा, ता. ४ जून १९११

चि. सौ. बायडास कृष्णातदादाचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र घेऊन आलेत ते दस्तगीर. कोल्हापुरात टांगा हाकतात आणि माझ्या दोस्तीखातर पन्हाळ्यावरून थेट तुमच्या गडमुडशिंगीपर्यंत आलेत, तेव्हा त्यांना भाकरी खाऊ घातल्याशिवाय सोडू नको. टांग्यात एक पोतं आहे आणि सहा बाटल्या. बाटल्या आमच्या मेहुण्यांना, हंबीररावांना. पोतं तुला, पण त्यात खायचं काही नाही, उगाच हुरळून जाऊ नको.

पोत्यात विलायती वेलीची कडू फुलं आहेत. आमचा साहेब त्यांना हॉप्स म्हणतो. साहेब जुना इंजिनेर. आयुष्यभर पूल बांधले, आता बंगल्यात बसून घरच्या घरी बियर काढतो, म्हणजे काढतो मी आणि चाखतो तो. जवाला मोड आणायचे, ते भाजायचे, भरडून उकळायचे आणि उकळी फुटली की ही फुलं टाकायची. फुलांशिवाय बियर म्हणजे गोड पेज. फुलं पत्र्याच्या डब्यात, तोंड झाळून हवाबंद करून येतात, पण डबा एकदा फोडला की संपलं. पन्हाळ्यावर पावसाळ्यात ढग घरात येऊन बसतो. तीन वर्षं माल नासला आणि तीन वर्षं मी साहेबाच्या शिव्या खाल्ल्या.

यंदा मी म्हटलं, साहेब, माझ्या बहिणीच्या परड्यात पेव आहे. साहेबाला पेव माहीत नव्हतं. जमिनीत दोन पुरुष खोल खोदलेली कणगी, तोंडाला धोंडा, धोंड्यावर शेणमाती, आत जोंधळा वर्षभर जसाच्या तसा, हे सगळं मी त्याला काठीनं मातीत काढून दाखवलं. साहेब खूश झाला. तर पोतं जोंधळ्याच्या वर ठेवून तोंड लिंपून घ्या. हवा लागता कामा नये.

ताजं फूल हिरवट पिवळं असतं, चुरगाळलं की बोटाला राळेसारखं चिकटतं. तेच उघड्या पेवात, पावसाळी हवेत चार दिवस राहिलं की तपकिरी पडतं आणि वास सुटतो. कसला वास विचारशील तर तालमीतल्या वर्षभराच्या लंगोटांचा.

हे पत्र हंबीररावांना वाचून दाखव.

तुझा दादा,
कृष्णात

---

गडमुडशिंगी, ता. ११ जून १९११

ती. कृष्णातदादास बायडाचा शिरसाष्टांग नमस्कार.

पोतं पोचलं. पेव भरायचंच होतं, त्यामुळे जोंधळ्यावर पोतं ठेवून परवा तोंड लिंपून घेतलं. तुझं पत्र त्यांना दोनदा वाचून दाखवलं. लंगोटाच्या वासाला ते इतके हसले की धाकटे भावजी, सयाजीराव, मळ्यातल्या वस्तीवरून आले तेव्हा त्यांच्यासाठी तेवढंच तिसऱ्यांदा वाचावं लागलं. घरात वाचता येणारी मी एकटीच. आबांनी मला अक्षरं शिकवली त्याचा सासरी असा उपयोग होतोय.

बाटल्या आल्या त्याच दिवशी संपल्या.

आज हे पत्र न्यायला आलेल्या दस्तगीरभाऊंनी माझा हात गळ्यात बांधलेला बघितला. ते तुला सांगतीलच, म्हणून आधी लिहिते. कपिली गाईनं लाथ मारली. काळजी करू नये. मला पाचवा लागला आहे, त्यामुळे जरा जपून राहते.

एक गोष्ट साहेबाला सांगून ठेव. पोतं हवं असेल तर निरोप आधी पाठवायचा. पेव उघडलं की लगेच उतरत नाहीत. चार दिवस धोंडा काढून ठेवतात, मग दोराला कंदील बांधून खाली सोडतात. तो जळत राहिला तरच माणूस उतरतो. कोंडलेली हवा दिसत नाही आणि तिला वासही नसतो. गेल्या साली शेजारच्या वाडीत एकजण घाईनं उतरला, त्याला काढायला दुसरा उतरला, आणि दोघंही जोंधळ्यावर झोपल्यासारखे मिळाले.

बाकी सर्व ठीक.

तुझी बहीण,
बायडा

---

पन्हाळा, ता. २ जुलै १९११

चि. सौ. बायडास आशीर्वाद.

कपिली फार द्वाड दिसते. हंबीररावांना म्हणावं, बाजार दाखवा तिला. दस्तगीर मात्र काहीबाही बोलत होता. त्याला म्हटलं, तू घोड्यांत राहतोस, तुला गाईचं काय कळतंय?

साहेबाला पोतं वीस ऑगस्टच्या आत पाहिजे. जव भिजत घालण्याचा दिवससुद्धा त्यानं ठरवलाय. पोतं पोचलं की हंबीररावांना एक डझन बाटल्या मिळतील, हा साहेबाचा शब्द. त्यांनी स्वतः लक्ष घालून माल काढावा, दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नये.

तू दूध पीत जा. हे पत्रही वाचून दाखव.

कृष्णातदादा

---

गडमुडशिंगी, ता. २१ जुलै १९११

दादा,

हे पत्र दस्तगीरभाऊंच्या हाती देते आहे. हे कुणाला वाचून दाखवायचं नाही, म्हणून खरं लिहिते.

कपिली गाय आमच्याकडे नाहीच, ती जाऊन दोन वर्षं झाली. हात त्यांनी पिरगाळला. तुझ्या सहा बाटल्या पोटात गेल्यावर पिरगाळला, पण बाटल्या नसत्या तरी काहीतरी झालंच असतं. नऊ वर्षांत माझे दोन दात गेले, पाठीवर आसुडाचे वळ आहेत ते आता उन्हातसुद्धा जात नाहीत. तुला कधी लिहिलं नाही, कारण लिहिलेलं सगळं मोठ्यानं वाचावं लागतं.

तुझं दुसरं पत्र आलं त्या दिवशी त्यांनी मला सांगितलं, भावाला लिही, डझनभर आत्ताच पाठव म्हणून. मी म्हटलं, दादा तिथं नोकर आहे, मालक नाही. तर म्हणाले, "लई त्वांड चालाय लागलंय तुजं." मी चुलीपाशी बसले होते. पहिली लाथ कमरेत बसली. दुसरी पोटात. मी पोट धरून आडवी झाले तेव्हा हात बाजूला करून तिसरी मारली.

दोन दिवसांनी मोकळी झाले. सहा महिन्यांची मुलगी होती, नखंसुद्धा आली होती. तिला परड्यात पुरलं, पेवाच्या पलीकडे, लिंबाखाली. खड्डा त्यांनीच काढला आणि काढता काढता म्हणाले, पोरगीच व्हती न्हवं.

मला घेऊन जा. तुझ्या साहेबाच्या बंगल्यात भांडी घासीन, जव भरडीन. इथं राहिले तर पुढचा खड्डा माझा आहे, हे तुला स्पष्ट लिहिते.

बायडा

---

पन्हाळा, ता. २७ जुलै १९११

चि. सौ. बायडास आशीर्वाद.

दस्तगीर भाडं घेऊन मिरजेकडे गेलाय, म्हणून पत्र टपालानं पाठवतो. वाचून दाखवताना हा पहिला भाग गाळ.

तुझं पत्र वाचून मला भाकरी गेली नाही. पण बाई, मी काय करू? साहेब पावसाळ्यात रजा देत नाही, आणि नवऱ्याचं घर सोडून आलेल्या बहिणीला ठेवून घ्यायला बंगला माझा नाही. पुरुषाचा राग दारूबरोबर चढतो आणि दारूबरोबर उतरतो. त्यांच्यासमोर उलट बोलू नको. झालेलं पोटात ठेव. दिवाळीला मी येतो आणि त्यांना चार शब्द सांगतो.

इथून पुढं वाच. हंबीररावांना माझा रामराम. पेव उघडायचं विसरू नये. डझन बाटल्या बाजूला काढून ठेवल्या आहेत.

कृष्णातदादा

---

गडमुडशिंगी, ता. ९ ऑगस्ट १९११

दादास नमस्कार.

तुझं पत्र आलं तेव्हा मी विहिरीवर होते. ते त्यांच्या हाती पडलं आणि त्यांनी ते शाळामास्तरांकडून वाचून घेतलं. चावडीत, चारचौघांत. मास्तर सरळ माणूस, त्यांनी सगळं वाचलं. "हा पहिला भाग गाळ" हेही वाचलं.

घरी आल्यावर त्यांनी दाराला आतून कडी घातली. उलथनं चुलीत लाल केलं आणि म्हणाले, "कुटल्या हातानं लिवलंस, दाव की." मी डावा हात पुढं केला. त्यांना खरं वाटलं. त्यामुळे हे पत्र लिहिता येतंय.

आता मी तुझ्याकडे काही मागत नाही. दिवाळीला येऊ नको. पोतं वीस तारखेच्या आत मिळेल.

बायडा

---

गडमुडशिंगी, ता. २० ऑगस्ट १९११

ती. कृष्णातदादास नमस्कार.

कळवण्यास फार दुःख होते की परवा शुक्रवारी दुपारी आमचे हे पेवात उतरले असता वारले. ते सोमवारी बैलबाजाराला कोल्हापूरला गेले होते. जाताना सांगून गेल्याप्रमाणे मी सोमवारीच धोंडा काढून पेव उघडं केलं होतं. पेवावर छप्पर आहे, त्यामुळे पाऊस आत गेला नाही. चार दिवस हवा खेळली. शुक्रवारी कंदील सोडून बघितला, तो जळत होता. मग ते उतरले. पोतं वर आलं, ते आले नाहीत. मी हाका मारल्या, माणसं गोळा केली. त्यांना बाहेर काढेपर्यंत सगळं संपलं होतं.

हे पत्र मी सयाजीभावजींच्या समोर लिहिते आहे आणि मास्तर ते त्यांना वाचून दाखवणार आहेत.

दस्तगीरभाऊ त्याच दिवशी संध्याकाळी पोतं न्यायला आले होते. घरात प्रेत होतं, तरी पोतं मी त्यांच्या टांग्यात ठेवायला लावलं. तुझा माल खराब व्हायला नको. तुझ्या कामात आमच्यामुळे खोळंबा नको.

बायडा

---

पन्हाळा, ता. २४ ऑगस्ट १९११

बायडा,

हे पत्र वाच आणि लगेच चुलीत घाल. दस्तगीर समोर उभा राहील, त्याच्यादेखत घाल.

पोतं शनिवारी आलं. साहेब महिनाअखेरपर्यंत कोल्हापुरात आहे, म्हणून मी एकट्यानंच उघडलं. उघडलं आणि नाचायचाच बाकी राहिलो. फुलं हिरवीगार होती, अडीच महिन्यांपूर्वी दिली तशी. बोटं चिकटली, खोलीभर वास सुटला. तीन वर्षांत असा माल हाताला लागला नव्हता. तुझी बातमी अजून कळलेली नव्हती. दस्तगीरनं फक्त एवढंच सांगितलं होतं की घरात मयत आहे, कुणाचं ते त्याला नीट सांगवलं नाही, म्हातारं कुणी असेल असं मला वाटलं. मी त्याच दिवशी निम्मी फुलं उकळीत टाकली. पीप भरलं. विरजण घातलं. दोन दिवसांत त्यावर असा फेस चढला की साहेब माझा हात हातात घेईल असं मनात म्हणालो.

मग तुझं पत्र आलं. चार दिवस पेव उघडं होतं, असं तू लिहिलंस; हा रिवाज तू जूनमध्येच कळवला होतास, पण त्यानं माल नासेल हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. मी पिंपाजवळ उभ्याउभ्या वाचलं, पुन्हा वाचलं आणि पोत्यात हात घातला. मग तो हात बाहेर काढवेना. बाई, ही फुलं पावसाळी हवेत चार दिवस तर सोड, एक दिवससुद्धा राहिलेली नाहीत. पेव उघडलं त्याच दिवशी ती वर आली.

काय झालं ते मी विचारत नाही. विचारायचं तोंड मला राहिलेलं नाही. एवढंच कळव, पोतं टांग्यात ठेवताना आणखी कुणी उघडून बघितलं का?

कृष्णात

---

गडमुडशिंगी, ता. २७ ऑगस्ट १९११

दादा,

कुणी बघितलं नाही. पण आता बघणार आहेत.

सयाजीभावजींनी प्रेत काढायला कंदील सोडला तेव्हा तो विझला. दोनदा विझला. लिंबाचे डहाळे वरखाली करून तासभर हवा हलवली, मग माणसं उतरली. त्या दिवसापासून त्यांचा एकच सवाल आहे. "चार दिस उघडं व्हतं, तर कंदील इजला का? सांग की." फौजदार आले होते. ते म्हणाले, पावसाळ्यात हवा जड असते, चार दिवसांनीही बसून राहते, असं होतं कधी कधी. फौजदार गेल्यावर भावजींनी मला गोठ्याच्या मेढीला बांधलं आणि भावाचाच आसूड घेतला. मी एकच उत्तर दिलं, सोमवारी उघडलं. किती फटके बसले ते मोजले नाहीत. ओठ दातांखाली धरला होता, तो फाटला.

काल त्यांना तुझं पहिलं पत्र आठवलं. लंगोटाच्या वासाचं. मीच तिसऱ्यांदा वाचून दाखवलेलं. भावाचं तेरावं झालं की ते फौजदाराच्या शिपायाला घेऊन पन्हाळ्याला यायला निघणार आहेत. म्हणाले, "फुलं हिरवी असली की तुला त्याच पेवात घालतो आन् वर धोंडा ठेवतो. फौजदाराची वाट बी बघत न्हाय." ते बोलतात तसं करतात, घराण्याची रीत आहे ती.

फुलं हिरवी निघतील हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तुझा माल वाचवायचा, एवढंच डोक्यात होतं.

बायडा

---

पन्हाळा, ता. २९ ऑगस्ट १९११

गं. भा. बायडास कृष्णातदादाचे आशीर्वाद. हे पत्र शाळामास्तरांनी सयाजीरावांना पूर्ण वाचून दाखवावे. काही गाळू नये.

हंबीररावांच्या जाण्यानं फार वाईट वाटलं. तुमचं पोतं पोचलं, पण माल वाया गेला. फुलं तपकिरी पडली आहेत आणि वास सहन होत नाही. पेव चार दिवस उघडं राहिल्यावर दुसरं काय होणार? साहेब परत आल्यावर मला काय भोगावं लागेल ते मलाच माहीत.

कृष्णात

---

पन्हाळा, ता. १० सप्टेंबर १९११

बायडा,

अक्षर लागलं नाही तर दस्तगीरला विचार, तो सगळं बघत होता. मी डाव्या हातानं लिहितो आहे.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी उरलेली निम्मी फुलं मी बंगल्यामागच्या पडवीत सुपांवर पसरली. पन्हाळ्याचा ढग तीन वर्षं माझा वैरी होता, या वेळी मी त्याला हात जोडले. चार दिवसांत फुलं पार गेली. तपकिरी, चिकट, आणि वास तोच, लंगोटांचा. पुन्हा पोत्यात भरून तोंड शिवलं.

पण पीप राहिलं होतं. फुलं नासली असं म्हणायचं आणि पिंपात चांगली बियर ठेवायची, हे जमणारं नव्हतं. साहेबानं एक घोट घेतला असता तर सांगितलं असतं की यात ताजं फूल आहे. ओतून टाकावी तर नुसतं ओतलेलं पीप संशय वाढवतं. मी एक वाटी भरून प्यायलो. बायडा, असा जिन्नस मी पुन्हा काढीन असं वाटत नाही. मग कुऱ्हाड घेतली. पहिल्या घावाला फळी फुटली, पुढं किती घाव घातले ते आठवत नाही. सगळी पडवी फेसानं भरली आणि मी त्यात उभा राहून पिंपाला हंबीररावांचं नाव घेऊन शिव्या देत होतो. जुलैमध्ये जे करायचं ते मी सप्टेंबरात लाकडावर केलं.

दोन तारखेला साहेब आला आणि त्याच दुपारी सयाजीराव शिपायाला घेऊन आले. पोतं सगळ्यांसमोर उसवलं. सयाजीरावांनी मूठ भरून नाकाशी धरली आणि तोंड फिरवलं. तरी त्यांचा विश्वास बसेना. म्हणाले, "पावणं, ही फुलं हितं आल्यावर नासली न्हाईत कशावरनं?"  तेवढ्यात साहेबानं फुटकं पीप बघितलं.

त्यानं विचारलं, कुणी फोडलं? मी म्हटलं, मी. माल आला तोच सडका होता, तरी घातला, बियर नासली, तुमच्या तोंडी लागू नये म्हणून फोडली. साहेबाच्या हातात घोड्याची छडी होती, चांदीच्या मुठीची. आधी दोन छड्या तोंडावर बसल्या. मी हात वर केला तर मुठीनं हातावर मारायला लागला. तीन बोटं मोडली तेव्हा त्याचा आवाज सयाजीरावांनाही ऐकू गेला. साहेब विचारत होता, खोटं बोलतोस? माझ्या तोंडात रक्त होतं आणि मी तेच सांगत होतो, आला तोच सडका होता. शेवटी शिपायानंच साहेबाला धरलं.

सयाजीराव खाली बसले होते. ते म्हणाले, खोट्यापायी येवढा मार कोण खाईल? आणि उठून निघून गेले. दस्तगीर म्हणतो, वाटेत ते लहान मुलासारखे रडले. भाऊ गेलाय त्यांचा.

साहेबानं मला काढून टाकलं. मी आता दस्तगीरच्या घरी आहे, कोल्हापुरात. त्याची आई हळद लावते. बोटं सरळ व्हायची नाहीत, असं हाडवैद्य म्हणाला.

मी विचारणार नाही असं लिहिलं होतं. आता विचारतो. पेवाच्या तोंडाशी काय झालं?

कृष्णात

---

गडमुडशिंगी, ता. १८ सप्टेंबर १९११

ती. दादास बायडाचा नमस्कार.

भावजी परत आले, त्यांनी आसूड खुंटीला लावला आणि जाताना मला पुन्हा मेढीला बांधून गेले होते, तिथून सोडलं. आता ते माझ्याकडे बघत नाहीत. मला मळ्यातल्या वस्तीवरची एक खोली दिली आहे. दाराची कडी आतून आहे.

तू विचारलंस, तर सांगते. तुझी तीन बोटं त्यात गेली आहेत, तुझा हक्क आहे.

सोमवारी जाताना त्यांनी सांगितलं, पेव उघडून ठेव. मी परड्यात गेले, धोंड्यावरची शेणमाती खरवडली आणि तिथंच बसले. समोर लिंबाखाली मुलगी. मग शेणमाती पुन्हा लिंपून घरात आले. मंगळवारी गेले नाही. बुधवारी, गुरुवारी गेले नाही. तेव्हासुद्धा मी काही ठरवलं नव्हतं, हे तुला खरं वाटो न वाटो. शुक्रवारी सकाळी ते येणार हे माहीत होतं. मी पहारीनं धोंडा सरकवला. दोराला कंदील बांधून खाली सोडला. हातभर जोंधळ्याच्या वर असताना ज्योत बारीक झाली आणि गेली. मी कंदील वर घेतला, काच पुसली, पुन्हा पेटवला आणि दोरासकट तोंडाशी ठेवला. तेव्हा मी ठरवलं.

ते दुपारी आले. बाजारात बैल जमला नव्हता, त्यामुळे संतापलेले होते. आल्या आल्या एक थोबाडीत दिली, भाकरी थंड होती म्हणून. मग डझन बाटल्यांची आठवण झाली. परड्यात आले, जळता कंदील बघितला. "सोडून बगितलास?" म्हणाले. मी म्हटलं, बघितला की. त्यांनी दोर पेवावरच्या छपराच्या मेढीला बांधला, दुसरं टोक आत टाकलं आणि खाचांतून पाय देत उतरले. दोराला एक झटका दिला की पोतं ओढायचं, दोन दिले की माणसाला हात द्यायचा, असा आमच्याकडे रिवाज आहे.

एक झटका आला. मी पोतं ओढलं. हलकंच असतं ते, फुलंच ती. पोतं बाहेर आलं तसा त्याच्याबरोबर दोरही बाहेर आला.

खालून खोकल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "दोर सोड." जरा वेळानं पुन्हा म्हणाले, पण आवाज बसला होता. भिंतीच्या खाचांत बोटं घालताना माती पडत होती, ते ऐकू येत होतं. मी पोतं मांडीवर घेऊन बसले होते. त्याला वास फार चांगला होता, दादा. ते ताजेपणाचं लक्षण आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

नऊ वर्षांत त्यांनी मला नावानं हाक मारली नव्हती. "ए" म्हणायचे, नाहीतर शिवी. त्या दिवशी खालून त्यांनी हाक मारली, बायडा. अगदी हळू, जवळ बसलेल्या माणसाला मारावी तशी.

मी ओ दिली. दोर दिला नाही.

तुझी,
बायडा